मातीत धक्का मुरतो?

लक्ष्मीपूजनाच्या रात्री सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत भाचा रॉकेटं लावत होता. बाटली मातीत घट्ट रोवलेली होती. पहिलं रॉकेट फुसफुसत निघालं, चौथ्या मजल्याच्या आसपास आडवं झालं आणि कुणाच्या तरी बाल्कनीसमोर फुटलं. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका बाजूलाच उभे होते. सगळं आयुष्य टूलरूममध्ये गेलेला माणूस. कुठलीही वस्तू नीट चालत नाहीये असं दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. ते पुढे झाले, बाटली मातीतून उपटली, पार्किंगच्या फरशीवर ठेवली आणि म्हणाले, "मातीत धक्का मुरतो रे. फरशीवर ठेव, मग बघ कसं जातं." भाच्याने वात पेटवली. रॉकेट सर्रकन सुटलं, इमारतीच्या वर गेलं, पाण्याच्या टाकीच्याही वर गेलं आणि लाल ठिणग्या उधळून विझलं. जमलेल्या सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी हात झटकले आणि ताटातली चकली उचलली.

मी काही बोलले नाही. सणाच्या दिवशी, तेही पोराटोरांसमोर, काकांना कोण खोडून काढणार? शिवाय प्रयोग झाला होता, तो यशस्वीही झाला होता, आणि वाक्य काय झकास होतं! मातीत धक्का मुरतो. पाणी मुरतं, लोणचं मुरतं, मग धक्का का नाही मुरणार? पण ते वाक्य माझ्याबरोबर जिना चढून घरात आलं आणि रात्री अंथरुणावरही सोबत होतं. कारण डोळ्यांसमोर दिसत होतं ते वेगळंच. रॉकेटने खरा वेग घेतला तो बाटली सोडल्यावर. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याशी पोचल्यावर त्याच्याखाली ना माती होती ना फरशी, आणि नेमकं तिथेच ते चेव आल्यासारखं वर गेलं. तिथे त्याला धक्का कुणी दिला?

हवेने, असं कुणीही चटकन म्हणेल. जमीन नसली तर हवा आहेच की. खालच्या हवेला रेटून रॉकेट वर चढत असणार. भल्याभल्यांना तसं वाटलेलं आहे. अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठात शिकवणाऱ्या रॉबर्ट गॉडार्ड यांनी १९१९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. रॉकेट वातावरणाच्या पलीकडे, अगदी चंद्रापर्यंतही नेता येईल असं त्यात गणिताने मांडलं होतं. १३ जानेवारी १९२० च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'ने संपादकीयात त्यांची टर उडवली: निर्वात पोकळीत रॉकेटला रेटायला काहीच नसतं, आणि शाळेत रोज शिकवतात एवढंही या प्राध्यापकांना ठाऊक दिसत नाही. गंमत म्हणजे गॉडार्डनी तोवर हवा काढून घेतलेल्या नळ्यांमध्ये दारू पेटवून धक्का मोजलेला होता. तो हवेतल्यापेक्षा कमी भरला नव्हता, उलट थोडा जास्तच भरला होता. १६ जुलै १९६९ ला अपोलो ११ निघालं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वर्तमानपत्राने चूक दुरुस्तीची छोटीशी चौकट छापली. गॉडार्ड १९४५ मध्येच वारले होते. थोडक्यात, आमचे काका एकटे नाहीत. त्यांच्या पंगतीला मोठमोठी माणसं बसलेली आहेत.

आणि शाळेत आम्हाला तरी काय वेगळं शिकवलं होतं? क्रिया आणि प्रतिक्रिया समान आणि परस्परविरुद्ध. उदाहरणार्थ: बंदुकीचा धक्का, नावेतून उडी, रॉकेट. तीन उदाहरणांना तीन गुण. बंदुकीचा धक्का खांद्याला बसतो, नाव मागे सरकते हे दिसतं. पण रॉकेटची ती प्रतिक्रिया नेमकी कुठे बसते, रॉकेटच्या कुठल्या अंगाला, हे बाईंनी कधी सांगितलं नाही आणि वर्गातल्या कुणी विचारलंही नाही. तेव्हा आमच्या घरी रॉकेटला सरळ बाण म्हणायचे, आणि बाण हा मुलांचा प्रांत होता. मुलींच्या वाट्याला फुलबाज्या, नागगोळ्या, भुईचक्र आणि फार तर भुईनळा. आजोबा दिवाळीच्या आधी आठवडाभर सगळे फटाके गच्चीवर जुन्या धोतरावर उन्हात पसरून ठेवायचे. भर दुपारी गच्चीवर गेलं की गरम कागदाचा, खळीचा आणि गंधकाचा मिळून एक वास यायचा. तो वास म्हणजेच माझ्यासाठी दिवाळी. उटण्याचा नंबर नंतर. त्या पसाऱ्यात बाणांना हात लावायची मला बंदी होती, म्हणून मी ते उकिडवी बसून नुसते बघायचे. काडी जाड सुतळीने बांधलेली नसायची, कागदाने चिकटवलेली असायची. खालून हिरवी वात बाहेर आलेली. आणि वात जिथून निघते तिथे पांढरट मातीचं गोल तोंड.

पाडव्याच्या सकाळी गच्चीवर गेले तर रात्रीची एक नळी टाकीशेजारी पडलेली होती, अर्ध्या जळक्या काडीसकट. दारू पूर्ण जळून गेलेली, आत निव्वळ काजळी. खाली आणून वर्तमानपत्रावर ठेवली आणि भाजीच्या सुरीने उभी चिरली. पहिल्यांदा लक्षात येतो तो कागद. बाहेरचा चकचकीत वेष्टणाचा थर सोडला तर आत साध्या खाकी कागदाची गुंडाळी, थरावर थर, खळ लावून इतकी घट्ट वळलेली की सुरी अडकत होती. सर्वांत आतल्या थराचा कोळसा झालेला, पण बाहेरच्यांना धगही लागलेली नाही. खालच्या टोकाला मातीचं बूच, दाबून दाबून दगडासारखं झालेलं, त्याच्या मधोमध एक भोक. भोकाच्या कडा आतल्या बाजूने गुळगुळीत झिजलेल्या होत्या आणि त्यांच्यावर राखट पांढरा लेप होता. वरच्या टोकाला जिथे ठिणग्यांची दारू असते तिथला कागद फाटून फुलासारखा उलटा झाला होता. बोटाला लागलेल्या काजळीला कुजक्या अंड्याचा वास होता. साबणाने हात दोनदा धुऊनही तो फराळाच्या पहिल्या लाडवापर्यंत टिकला.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर या नळीत आहे, आणि ते शोधायला खालच्या भोकाकडे नाही, वरच्या टोकाकडे बघावं लागतं.

दारू पेटली की नळीत गरम वायू कोंडतो. कोंडलेला वायू सगळीकडे सारखा दाबतो: डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. डाव्या भिंतीवर जेवढा जोर तेवढाच उजव्या भिंतीवर, म्हणून आडवं काही होत नाही. फक्त कागदाला तो ताण सोसावा लागतो. वरचं टोक तोवर बंद असतं, तिथेही वायू दाबतोच. आता खाली या. तिथे मातीच्या बुचावर तो दाबतो, पण मधल्या भोकावर दाबणार कशाला? तिथे भिंतच नाही. वरच्या जोराला तोडीस तोड असा खालचा जोर तेवढ्या भोकापुरता गायब आहे. रस्सीखेच चालू असताना समोरच्यांनी एकदम दोर सोडला तर आपण मागे कोसळतो. आपल्याला कुणी ढकललेलं नसतं, अडवणारं कुणी उरलेलं नसतं. रॉकेटचं हेच. त्याला वर नेणारा धक्का नळीच्या आत, वरच्या बंद बाजूला बसतो. तो धक्का बाटलीत मुरत नाही, मातीत मुरत नाही, हवेतही मुरत नाही, कारण तो तिथे कधी गेलेलाच नसतो. खालून बाहेर पडलेला वायू मागे फरशीवर आपटो की फुलांच्या कुंडीत शिरो, रॉकेटचा आणि त्याचा संबंध संपला.

हीच गोष्ट न्यूटनच्या हिशेबानेही सांगता येते, आणि आकडे काढायला तो हिशेब सोयीचा. दर सेकंदाला किती वस्तुमान मागे फेकलं आणि किती वेगाने फेकलं, या दोहोंचा गुणाकार म्हणजे रेटा. समजा, २० ग्रॅमच्या रॉकेटात ५ ग्रॅम दारू आहे, ती अर्ध्या सेकंदात जळते आणि वायू सेकंदाला ५०० मीटर वेगाने सुटतो. म्हणजे सेकंदाला १० ग्रॅम गुणिले ५०० मीटर: ५ न्यूटन. तळहातावर अर्धा किलो साखरेची पिशवी ठेवल्यावर जाणवतं तेवढं बळ, आणि ते लावायचं आहे २० ग्रॅमच्या वस्तूला. वजनाच्या पंचवीसपट. सुटताना ते डोळ्यांना दिसतही नाही, फक्त आवाज कळतो, तो यामुळे. पुढे दारू जळत जाते तसं रॉकेट हलकं होत जातं, रेटा मात्र तेवढाच राहतो, त्यामुळे शेवटी शेवटी वेग आणखी झपाट्याने वाढतो. रशियातल्या त्सिओलकोव्स्की या शाळामास्तरांनी १९०३ साली त्याचं सूत्र प्रसिद्ध केलं. त्या सूत्रात जमीन, हवा, बाटली यांतलं काहीच नाही. फेकलेल्या वायूचा वेग आणि भरलेल्या व रिकाम्या रॉकेटच्या वजनांचं गुणोत्तर, बस्स.

मला स्वतःला दाबाची गोष्ट जास्त आवडते. गुणाकार पटतो, पण दाब दिसतो. चिरलेल्या नळीत तो कुठे बसला असेल तिथे बोट ठेवता येतं.

मग सगळी करामत त्या भोकाची. भोक मोठं ठेवलं तर वायू कोंडतच नाही, दारू नुसती भुरभुरत जळते आणि रॉकेट बाटलीतच बसून राहतं. भोक बारीक केलं तर दाब वाढतो. दाब वाढला की दारू अधिक वेगाने जळते, त्याने आणखी वायू, आणखी दाब. एका मर्यादेपर्यंत हे चक्र सावरलेलं राहतं, मर्यादा ओलांडली की रॉकेटचा सुतळी बॉम्ब होतो. नेमकं भोक राखलं की त्या अरुंद घशातून जाताना वायू त्या तापलेल्या वायूतल्या ध्वनीच्या वेगाला पोचतो, आणि तिथे एक नवल घडतं. दाबाची खबर वायूतून ध्वनीच्याच वेगाने जाते. घशातला वायू जर त्याच वेगाने बाहेर धावत असेल तर बाहेरची खबर उलट आत शिरू शकत नाही. बाहेर हवा आहे, पाणी आहे, पोकळी आहे की काकांची फरशी, नळीच्या आतल्या जाळाला त्याचा पत्ताच लागत नाही. बाहेरच्या हवेचा संबंध येतो तो इतकाच की ती सगळ्या बाजूंनी रॉकेटला दाबत असते आणि त्याच्या वाटेत आडवी येते. म्हणून ती काढून घेतल्यावर गॉडार्डना धक्का वाढलेला दिसला.

भोकातून डोकावलं तर दारूतही एक पोकळी असते, हे मला फार उशिरा कळलं. दारू नळीत ठासून भरलेली असते ती खालून वर जाणारा एक निमुळता बोळ राखून. कारण दारू फक्त पृष्ठभागावर जळते. भरीव ठोकळ्याची खालची चकती पेटली तर जळणारा भाग रुपयाच्या नाण्याहून लहान. एवढ्याशा आगीने रॉकेट उचललं जाणार नाही. बोळ ठेवला की त्याच्या सगळ्या भिंती एकदम पेटतात आणि पुरेसा वायू एका दमात तयार होतो. मोठ्या घन इंधनाच्या रॉकेटांतही हेच तत्त्व चालतं. उपग्रह सोडणाऱ्या आपल्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३९ टन घन इंधन भरतात, तेही आतून पोकळ. अमेरिकेच्या स्पेस शटल या यानाला उड्डाणात जोर देणाऱ्या बूस्टर रॉकेटांत पुढच्या भागातल्या पोकळीचा छेद अकरा टोकांच्या ताऱ्यासारखा होता. सुरुवातीला जास्त पृष्ठभाग जळावा, मग तो कमी होत जावा, असा तो हिशेब. आणि एकदा पेटलं की विझवता येत नाही, ही गोष्ट तिथेही तशीच. श्रीहरिकोटा असो की आमचं पार्किंग, वात पेटवली की मागे पळायचं.

आजोबांच्या धोतरावरचं ते ऊनही आता वेगळं वाटतं. काळ्या दारूत साधारण ७५ भाग सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. रॉकेटसाठी कोळसा थोडा वाढवतात, म्हणजे ती जरा सावकाश जळते. ऑक्सिजन सोऱ्यातूनच येतो, म्हणून जळायला बाहेरची हवा लागत नाही. पण दमट हवेत ठेवलेल्या दारूला ओल लागते, आणि ओली दारू मंद जळते. मंद जळली की वायू कमी, वायू कमी की दाब कमी, आणि दाब कमी की जळणं आणखी मंद. भोक तेवढंच, पण आता ते त्या दारूला मोठं पडतं. भाच्याचं पहिलं रॉकेट चौथ्या मजल्यावर का आडवं झालं असेल त्याचं कारण मातीपेक्षा इथे असण्याची शक्यता फार मोठी. एका पाकिटातल्या दोन रॉकेटांतही भरण्याचा, ठासण्याचा, काडीच्या वजनाचा फरक असतोच. हाताने केलेली वस्तू आहे. शिवकाशीच्या आसपासच्या कारखान्यांत ही कामं माणसांची बोटं करतात, आणि दर काही महिन्यांनी तिथल्या स्फोटाची बातमी आपल्याकडे आतल्या पानावर येते. ती वाचून आपण पान उलटतो आणि ऑक्टोबरात पाकीट घेतो. मीही घेते.

फटाके खाली पाडू नका, असं आजोबा ओरडायचे. आम्हाला वाटायचं, फुटतील म्हणून. खरं कारण बारीक आहे. आपटल्याने ठासलेल्या दारूला भेग गेली तर त्या भेगेच्या दोन्ही कडा जळायला मोकळ्या होतात. अचानक जास्त पृष्ठभाग, जास्त वायू, आणि भोक तेच. मग नळी जिथे कमकुवत असेल तिथे फाटते. माझ्या मामेभावाच्या कोपरावर अजून एक गुळगुळीत डाग आहे. त्या वर्षी बाणाची नळी बाजूने फुटली, वायूला दुसरा रस्ता मिळाला आणि बाण वर जायच्या ऐवजी ओट्याला समांतर निघाला. आजी ओटीवर रांगोळीचे रंग आवरत होती, मामेभाऊ तिच्या पुढे झाला. नंतर बरीच वर्षं घरात बाण आले नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण तसेही ते माझे नव्हते. पण भोक कुठे आहे यावर सगळं ठरतं हे त्या संध्याकाळी आमच्या ओटीने पाहिलं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे स्पेस शटल उड्डाणानंतर ७३ सेकंदांत कोसळलं तेही असंच: कडाक्याच्या थंडीत बूस्टरच्या सांध्यातली रबरी कडी ताठरली, जाळाला बाजूने वाट मिळाली आणि ती शेजारच्या इंधनाच्या टाकीकडे गेली. सात माणसं गेली. कागद आणि पोलाद यांत फरक प्रचंड आहे, पण वायूला तो कळत नाही; त्याला सांदच हवी असते.

पोलाद किंवा निदान लोखंड, हा मुद्दा आपल्याकडे फार आधी लक्षात आला होता. बाण पेशवाईच्या फौजांतही होते, पण म्हैसूरच्या हैदर अली आणि टिपूने ते लोखंडी नळ्यांत भरले. लोखंड जास्त दाब सोसतं, म्हणजे भोक बारीक ठेवता येतं, दारू अधिक ठासता येते, आणि बाण दूर जातो. १७८० मध्ये पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांनी त्याचा मार खाल्ला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर उरलेले बाण त्यांनी विलायतेला नेले आणि विल्यम काँग्रीव्ह या इंग्रज संशोधकाने त्यांवरून स्वतःची रॉकेटं केली. २०१८ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या एका जुन्या विहिरीतून अशा लोखंडी बाणांच्या हजारावर नळ्या निघाल्या. विहिरीच्या चिखलात दोन शतकं राहिलेला बाण! तिथे काय काय मुरलं असेल, काकाच जाणोत.

काडीबद्दल मात्र काकांचं म्हणणं निम्मं बरोबर निघालं. काडी तोल सांभाळते, असं ते म्हणतात. सांभाळते, पण खरं काम हवा करते. रॉकेट जरा तिरकं झालं की लांब काडीवर हवा आडवी दाबते आणि शेपूट पुन्हा जागेवर ढकलते. त्यासाठी आधी वेग हवा. उभ्या रॉकेटच्या काडीला हवा काय करणार? पहिला वेग येईपर्यंत दिशा धरून ठेवायची, एवढंच बाटलीचं काम. मातीत रोवलेली असो वा फरशीवर, ती उलटली नाही म्हणजे झालं. याच कारणाने वाऱ्यात रॉकेट वाऱ्याच्या दिशेला वाहत न जाता उलट वाऱ्याकडे तोंड करून वळतं. वारा शेपटाला ढकलतो, तोंड समोर येतं, आणि रेटा चालू असल्याने ते त्या बाजूला चालू पडतं. दारू संपली की मग रिकामी नळी मुकाट वाऱ्याबरोबर येते. माझ्या हाती लागलेली नळी टाकीच्या पश्चिमेला पडली होती, आणि पार्किंग आहे पूर्वेला.

हे सगळं लिहिताना मला काकांची बाजू घ्यावीशी वाटायला लागली आहे, आणि त्याला कारण आहे 'शॉट'. हल्ली रॉकेटं कमीच उडतात. खोक्यातले बारा शॉट, तीस शॉट असलेच जास्त. धप्प, धप्प करत एकेक गोळा वर जातो आणि फुलतो. ते रॉकेट नव्हे, ती तोफ आहे. खाली बंद असलेल्या पुठ्ठ्याच्या नळकांड्यात थोडी दारू, तिच्यावर गोळा. दारू पेटते, वायू गोळ्याला वर आणि नळकांड्याच्या बुडाला खाली ढकलतो. इथे काकांचं वाक्य लागू पडतं: खोकं भुसभुशीत मातीवर किंवा गादीवर ठेवलं तर ते दचकून मागे हटेल आणि कलंडेलही, खाली पक्की जागा पाहिजेच. गोळ्याला मिळणारा धक्का नळकांड्यातला, तोंड सोडलं की संपला. त्यानंतर तो केवळ मंदावत जातो. टूलरूममधल्या माणसाने प्रेस पाहिलेले, हातोडे पाहिलेले, ऐरणी पाहिलेल्या. घाव घालायचा तर खालचा आधार भक्कम हवा हे त्याच्या हाडात भिनलेलं असणार. तोफेच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं आहे. रॉकेट त्यात बसत नाही, कारण ते आपली ऐरण बरोबर घेऊन उडतं.

धुराबद्दल लिहिल्याशिवाय पाडव्याची सकाळ पुरी होत नाही. गच्चीवरून पाहिलं तर समोरची टेकडी पुसट झाली होती. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग वायू होतच नाही. पोटॅशियमच्या क्षारांची बारीक घन भुकटी होते, तोच तो पांढरा धूर. म्हणजे रॉकेट जे मागे फेकतं त्यातलं निम्मं फुगण्याच्या कामाचंच नसतं. गॉडार्डनी त्यांच्या वेळची साधी रॉकेटं मोजली तेव्हा दारूतल्या उष्णतेपैकी जेमतेम २ टक्के वेगाच्या कामी येत होती; बिनधुराची दारू आणि आधी निमुळतं होऊन मग पसरणारं पोलादी तोंड वापरल्यावर त्यांनी तो आकडा ६० च्या वर नेला. मातीच्या बुचाला तसं तोंड परवडत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीला रात्री ८ ते १० ची वेळ घालून दिली, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने कमी धुराचे हरित फटाकेही काढले. आमच्या सोसायटीत साडेदहाला शेवटचा शॉट वाजला. समिती काही बोलली नाही, समितीचे अध्यक्षच शॉट लावत होते.

उरला माझ्या वाटणीचा भुईनळा. हा लेख डोक्यात घोळत असताना सुचलं की तो तर रॉकेटचा सख्खा भाऊ. तीच बंद नळी किंवा मातीचा कुंभ, तेच अरुंद तोंड, तोच जाळ, फक्त तोंड वर. म्हणजे जळत असताना तो सगळा वेळ जमिनीला खाली दाबत असला पाहिजे. भुईचक्रात तोंड कडेला, म्हणून ते गरगरतं. लहानपणी मी गच्चीवर ज्याच्याकडे टक लावून बघायचे तो बाण आणि माझ्या हातातला नळा यांत फरक फक्त उलटसुलट धरण्याचा होता! भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, मग वजन करून बघू की." भाऊबिजेच्या संध्याकाळी त्याने स्वयंपाकघरातला डिजिटल काटा खाली नेला, त्यावर फरशीचा तुकडा, त्यावर भुईनळा. मोबाइल लांबून आकड्यांवर रोखला. काकांना मुद्दाम बोलावलं; त्यांनी खाली वाकून फरशीचा तुकडा हलत नाही ना तेही तपासलं. नळा पेटला आणि दारू जळून वजन घटायला हवं त्या क्षणी आकडा वर गेला. थोडासाच, पण गेला, आणि नळा फुललेला असेपर्यंत थरथरत वरच राहिला. नळा विझल्याबरोबर झपकन उतरला, आधीच्याही खाली. काकांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. "म्हणजे हा दाबतो, आणि ते उचलतं," ते म्हणाले, "आणि खाली काय आहे त्याचा दोघांनाही उपयोग नाही." मग जरा थांबून, "पण बाटली फरशीवरच ठेवायची. मातीत ती कलते."

हे मात्र मान्य करावं लागलं. आई तेवढ्यात जिन्यात उभी होती, काट्याच्या काचेवर पडलेले काळे ठिपके बघत. "याच्यावर आता साखर मोजू का मी," तिने विचारलं, "का सोरा?"